शेऱ्याच्या रकान्यातले पक्षी

पंपमामांना उभ्या आयुष्यात कुणी पक्षीमित्र म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं, तर हे कुणाला म्हणतायत म्हणून त्यांनी आधी मागं वळून पाहिलं असतं.

मामा नगरपालिकेच्या पंपघरावर चोवीस वर्षं दिवसपाळीला. खालच्या वस्तीतलं पावसाचं, मोऱ्यांचं, कुणाच्या गळक्या टाकीचं, असं सगळं पाणी उतारानं वाहत पंपघरापुढच्या दलदलीत येऊन पसरायचं. ते फार चढलं की मामांनी पंप लावायचा आणि पाणी बांधापलीकडच्या नदीत ढकलायचं. उतरलं की पंप बंद. एवढी नोकरी. एक खोली, तीन पंप, एक खिडकी आणि एक खुर्ची. खुर्चीचा मागचा उजवा पाय कधीच गेला होता, त्या जागी विटा होत्या.

नोकरी पंपाची खरी, पण नगरपालिकेत पंपापेक्षा नोंदवहीला मान. तासातासाला एक ओळ लिहायची. वेळ, पाण्याची पातळी, कोणता पंप चालू, आणि शेवटी शेरा. मामा सुरुवातीला शेऱ्यात 'ठीक' लिहायचे. बारा तासांत बारा वेळा ठीक. तेव्हाचे मोठे साहेब कडक. त्यांनी वही उघडली, बाराही ठीकवरून सावकाश बोट फिरवलं आणि म्हणाले, "मामा, माणूस बारा तास सलग ठीक नसतो. झोपला होतात."

"नाही साहेब, जागा होतो."

"मग जागेपणी काय दिसलं ते लिहीत चला. म्हणजे मला कळेल डोळे उघडे होते."

दुसऱ्या दिवशी मामा वही घेऊन खिडकीशी बसले. खिडकीतून दिसून दिसणार काय? पाणी, लव्हाळं आणि पक्षी. पाणी तर पातळीच्या रकान्यात आधीच जाऊन बसलं होतं. लव्हाळ्याबद्दल रोज काय लिहिणार? राहिले पक्षी. मामांनी लिहिलं, 'आठ वाजता. मोठा राखी पक्षी एक, उभा आहे.' नऊला लिहिलं, 'तोच. उभाच आहे.' दहाला, 'अजून उभा. काही करत नाही, पण करतोय असं वाटतं. हेडक्लार्कसारखा.' अकराला, 'मासा गिळला.'

मोठ्या साहेबांनी महिन्याअखेर वही पाहिली, नाकातल्या नाकात हूं केलं आणि सही ठोकली. झालं, वाट पडली. तो राखी बगळा वहीत कायमचा हेडक्लार्क झाला आणि त्याच्यामागून बाकीचे पक्षी एकेक करून सेवेत रुजू झाले.

मामांना पक्ष्यांची पुस्तकातली नावं एखाददुसरं सोडता ठाऊक नव्हती आणि विचारायला जवळ कुणी नव्हतं. अशा वेळी माणूस नावं आणतो ती आपल्याच गोतावळ्यातून. लाल चोचीची, जांभळी, थोराड पाणकोंबडी होती. लव्हाळ्यातून चालताना दर पावलाला पाय उंच उचलून झटकायची, जणू दुसऱ्याच्या घरची फरशी आहे आणि कुणी पुसलेली नाही. तिचं नाव आत्याबाई. लहानगे गोल पक्षी बुडी मारून गडप व्हायचे, त्यांना मामा नुसतं 'बुडाले' म्हणत. 'बुडाले सात. निघाले सात.' हे दोन आकडे जुळल्याशिवाय ते जेवणाचा डबा उघडत नसत. पाण्यावरच्या पसरट पानांवरून लांब बोटांनी चालणारा एक होता, त्याची बायको अंडी घालून खुशाल दुसरीकडं निघून जायची. अंडी उबवायची यानं आणि पिलं वाढवायची तीही यानंच. तो घरजावई. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मामा आठवडाभर मामींशी जरा जपून बोलत होते.

आणि थंडीच्या तोंडाला थव्यानं येणारी बदकं. आली की पहिला दिवस दमलोय म्हणून पडून राहायची. दुसऱ्या दिवसापासून खायला लागायची, आणि जाणार कधी याचा पत्ता लागू द्यायची नाहीत. त्यांना मामा मेहुणे म्हणत. मामींना एकच भाऊ होता, त्यामुळं कुणावरून म्हणत हे सांगायची गरज नाही.

हे सगळं सुखात चाललं होतं, तोवर नऊ वर्षांपूर्वी पातळीचा काटा अडकला. भिंतीवरच्या गोल तबकडीत तो चार पूर्णांक दोनवर गेला आणि तिथंच बसला. मामांनी तबकडीला आधी टिचकी मारली, मग चापट, मग पान्याचा दांडा. काटा ढिम्म. मोठे साहेब तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी धाकटे साहेब आले होते, पदवी ताजी आणि बूट चकचकीत. बुटांना चिखल लागेल म्हणून ते दलदलीच्या काठाशी येत नसत, त्यामुळं मामांनाच कचेरीत जावं लागायचं. तीन अर्ज दिले. ते कुठल्या टेबलाखाली गेले ते टेबलालाच माहीत.

"साहेब, पाणी असो नसो, काटा आपला चार-दोन."

"मामा, तुमचं काम काटा वाचायचं आहे. काटा सुधारायचं नाही. दाखवेल ते लिहा."

मामांनी लिहिलं. दर तासाला चार-दोन, भर उन्हाळ्यात चार-दोन आणि धो धो पावसातही चार-दोन. धाकटे साहेब महिन्याअखेर वह्या मागवायचे आणि दर पानाखाली 'तपासले, बरोबर' लिहून लफ्फेदार सही करायचे.

मग पंप कधी लावायचा ते मामांना कळायचं कसं? खिडकीसमोर पाण्यात एका जुन्या पंपाचा सिमेंटचा चौथरा होता, सपाट. पक्ष्यांना उभं राहायला ती जागा फार आवडायची. मामांनी दोन-तीन महिने नुसते त्यांचे पाय पाहिले आणि हिशेब बसवला. चौथऱ्यावर शेपटी हलवणारे बुटके तुतवार तुरुतुरु फिरतायत म्हणजे चौथरा नुसता ओला, पंप बंद. काडीसारख्या लाल पायांचे शेकाटे उभे आहेत आणि त्यांचे गुडघे बुडाले, की पहिला पंप. शेकाटे उठून गेले आणि एकटा हेडक्लार्क उरला, की दुसरा पंप. आणि हेडक्लार्कसुद्धा पोटाला पाणी लागून उडाला, की तिसरा पंप लावायचा आणि वस्तीत निरोप धाडायचा, की बायाबापड्यांनो, जमिनीवरचं सामान वर घ्या. हे सगळं शेऱ्यात जायचं. नऊ वर्षांत वस्तीच्या एकाही घरात पाणी शिरलं नाही. घरात पाणी का शिरत नाही याचा शोध कुणी घेत नसतं, त्यामुळं मामांच्या या पद्धतीची वाच्यता कुठं झाली नाही.

एका सकाळी दलदलीच्या काठाला मोठा फलक उभा राहिला. 'नियोजित पक्षी उद्यान'. फलकावर चित्र होतं. वाहनतळ, कारंजं, धावण्याचा रस्ता, आणि मधोमध हिरवळीवर सहा सिमेंटचे पक्षी. मामांनी चित्र चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. पाणी कुठं दिसेना.

"साहेब, हे करायचं कुठं?"

"इथंच. हे डबकं भरून घ्यायचं. पुढच्या महिन्यात मातीच्या गाड्या सुरू."

"आणि पक्षी?"

"ते काय मामा, चित्रात आहेत की."

पाण्याचं काय होणार ते मामांनी विचारलं नाही. ते त्यांना चित्र न पाहताच कळत होतं. दलदल भरली की वरून येणारं पाणी थांबणार खालच्या वस्तीत, आणि खालच्या वस्तीत तिसरं घर मामांचं होतं. शिवाय माती टाकायला सुरुवात होणार होती ती पानांच्या बाजूनं, आणि तिकडं घरजावई चार अंड्यांवर बसलेला होता.

त्याच आठवड्यात विज्ञानाच्या बाई पंपघरात आल्या. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. गळ्यात दुर्बीण आणि डोक्यावर रुंद केशरी टोपी. थंडीतल्या रविवारी आपली मंडळी घेऊन काठावर पक्षी बघायला यायच्या. एरवी त्या मामांना नुसता हात करायच्या; आज आत आल्या आणि विटांवरच्या खुर्चीत बसल्या. मामांनी चहा टाकला.

"मामा, भराव थांबवायला आम्ही अर्ज केलाय. सुनावणी लागलीय. पण नगरपालिका म्हणते, पक्षी इथले नाहीतच, थंडीत पाहुणे येतात आणि जातात. बारा महिने राहतात, घरटी करतात, याचा पुरावा आणा म्हणतात. आता बारा महिने रोज इथं येऊन कुणी मोजलंय?"

चहाला उकळी आली होती, मामा तिकडं वळले. तेवढ्यात बाईंनी पंखा म्हणून टेबलावरची वही उचलली, दोनदा वारा घेतला आणि सहज आत नजर टाकली. मग वारा घेणं थांबलं. एक पान झालं, दुसरं झालं. चहा निवला.

"मामा, हा घरजावई म्हणजे पानांवर चालतो तोच ना? याची चारही अंडी तुम्ही रोज मोजलीत?"

"लांबूनच. जवळ गेलं की घाबरतं बिचारं."

"अशा किती वह्या आहेत?"

मामांनी माळ्याकडं बोट केलं. चोवीस वर्षांच्या वह्या तिथं गठ्ठ्यांनी बसल्या होत्या. बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावून माळा पाहिला, सवयीनं.

"मामा, या वह्या सुनावणीत ठेवाल?"

मामांनी बाईंच्या हातातली वही पाहिली. बाई शेरा वाचत होत्या. पण त्याच पानावर शेऱ्याशेजारी चार-दोन, चार-दोन, चार-दोन अशी मुंग्यांची रांग लागली होती. नऊ वर्षं खोटी पातळी लिहिली म्हणून चौकशी बसणार. निवृत्तीला अकरा महिने राहिलेले. साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, कागदावर काही नाही. मामा म्हणाले, "बघतो."

घरी जाऊन त्यांनी मामींना सगळं सांगितलं. मामी शाळेचे गणवेश शिवायच्या. मशीन थांबवून त्यांनी ऐकून घेतलं नाही, चालू मशीनवरच ऐकलं.

"म्हणजे वह्या दिल्या तर तुमची नोकरी पाण्यात," मामी म्हणाल्या, "आणि नाही दिल्या तर माझं मशीन पाण्यात."

"असंच काहीसं."

"मग विचार कसला करताय? मशीन माझ्या वडिलांनी दिलंय. नोकरी काय, अकरा महिन्यांनी जाणारच आहे."

मामा तरी कुंथत होते. त्यांचं कुंथणं सोडवलं ते धाकट्या साहेबांनी. बाई पंपघरात तासभर बसल्या हे त्यांच्या कानावर गेलंच होतं. गुरुवारी सकाळी शिपायाकरवी निरोप आला, की पंपघरातलं जुनं दप्तर रद्दीत काढायचं आहे, उद्या गाडी येईल, गठ्ठे बांधून ठेवा.

दुपारी मामी कापडाच्या दोन मोठ्या चादरी घेऊन पंपघरात हजर. शेजारणीची हातगाडीही आणली होती.

"अहो, सरकारी कागद घरी नेणं गुन्हा आहे," मामा म्हणाले.

"रद्दीत निघालेले कागद सरकारी कसले? सकाळी त्यांनीच रद्दी म्हटलंय ना? रद्दी मी नेते. तुम्ही गाठ मारा."

वाटेत कचेरीचा शिपाई आडवा आला. "मामी, एवढं काय?"

"गणवेश आहेत. हात लावू नकोस, टाचण्या टोचतील."

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा माळ्यावर फक्त कोळिष्टकं होती. वाळवीनं खाल्लं, असं मामांनी सांगितलं. वाळवीनं गठ्ठ्यांची सुतळीसुद्धा ठेवली नाही याचं गाडीवाल्याला नवल वाटलं, पण त्याला ओझं उचलावं लागलं नाही म्हणून त्यानं ते मनावर घेतलं नाही.

एक गोष्ट मात्र मामांच्या ध्यानात आली नव्हती. वह्या घरात आल्या म्हणजे मामी वाचणार. रविवारी दुपारी जेवणं झाली, आणि मामा हात पुसत बाहेर येतात तो मामी मांडीवर वही घेऊन बसलेल्या.

"हे मेहुणे कोण?"

"बदकं आहेत ती."

"'मेहुणे आले. आल्या आल्या झोपले.' 'मेहुणे एकशे चाळीस, सगळे खात आहेत.' 'मेहुणे अजून आहेत.' 'मेहुणे गेले, पाणी मोकळं वाटतं.'" मामींनी पान उलटलं. "मी कुठं आहे यात?"

"तू नाहीस."

"चोवीस वर्षांत एकदाही नाही?"

मामांनी पुसलेले हात पुन्हा पुसले. आहे म्हणावं तर पंचाईत आणि नाही म्हणावं तर जास्त पंचाईत. मामी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, पण वह्या मात्र त्यांनीच तारीखवार लावून दिल्या. त्याच वेळी नेमका त्यांचा भाऊ मुक्कामाला आला होता. तोही सुनावणीला चलतो म्हणाला. घरात बसून कंटाळा येतो, असं कारण दिलं.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात. वरच्या कार्यालयातून अधिकारी मॅडम आल्या होत्या. त्यांना सर्दी झाली होती, त्यामुळं त्या कमी बोलायच्या आणि दर प्रश्नानंतर रुमाल नाकाला लावायच्या. समोरच्याला वाटायचं, आपलं उत्तर आवडलं नाही.

बाईंनी फोटो मांडले. सुरेख फोटो होते. मॅडमनी सगळे पाहिले.

"हे सगळे रविवारचे?"

"हो."

"आणि सगळे थंडीतले?"

बाई जरा घुटमळल्या. "उन्हाळ्यात आमच्या मंडळींना ऊन सोसत नाही."

धाकटे साहेब उठले. "हेच मी म्हणतोय, मॅडम. पक्षी थंडीत येतात, बघे थंडीत येतात. एरवी ते डबकं आहे."

मॅडमनी रुमाल लावला. बाईंनी मान वळवून मागच्या रांगेकडं पाहिलं. मामा खाली बघत होते. मामींनी त्यांच्या बरगडीत कोपर दिलं. मामा उठले, आणि उठलेच आहोत तर आता बसता येणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"माझ्याकडं बारा महिन्यांचं आहे," ते म्हणाले.

गठ्ठे पुढं आले. धाकट्या साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मॅडमनी मधलीच एक वही उघडून मामांच्या हातात दिली. "वाचा."

मामांनी चष्मा पुसला आणि वाचलं. "भर उन्हाळ्यातलं आहे. सकाळी सात. आत्याबाई चार, एक पिलू काळं. आठ वाजता, बुडाले सात."

मॅडमनी मान वर केली. "कोण बुडाले?"

"निघाले पण, मॅडम. पुढं लिहिलंय. निघाले सात."

सभागृहात खसखस पिकली. बाईंनी उठून सांगितलं, की ही टिबुकली, इथलीच, बारमाही. मामांनी पुढं वाचलं. घरजावई अंड्यांवर बसल्याचा पहिला दिवस, अंडी चार. पाऊस आला तेव्हा त्यानं पंखाखाली ओढून घेतलेली अंडी. पिलं निघाली ती तीन. एक घारीनं नेलं, उरली दोन. मग थंडी आली आणि मेहुणे आले, एकशे चाळीस, सगळे खात आहेत.

मागच्या रांगेत मामींचा भाऊ बहिणीकडं झुकला. "हे कुणाबद्दल चाललंय?"

"बदकं आहेत. गप बस."

धाकट्या साहेबांनी तोवर दुसरी एक वही उचलून चाळली होती. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मॅडम, या माणसाची पातळीची नोंद बघा. चार पूर्णांक दोन. दर तासाला, दर दिवसाला, नऊ वर्षं. पूर असला तरी चार-दोन, पाणी आटलं तरी चार-दोन. हा खिडकीत बसून मनाला येईल ते लिहितो. पातळी खोटी, तर पक्षी कशावरून खरे?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. मॅडमनी मामांकडं पाहिलं. "खरं आहे हे?"

"खरं आहे. काटा अडकलाय."

"कधी?"

"नऊ वर्षं झाली."

"म्हणजे नऊ वर्षं तुम्ही खोटी पातळी लिहिलीत."

एव्हाना जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि अशा वेळी माणसाला जरा बरंच वाटतं. "खोटी नाही, मॅडम. काट्याच्या रकान्यात काटा लिहिला. पाणी शेऱ्यात आहे."

मग त्यांनी तुतवार, शेकाटे आणि हेडक्लार्क असे तिघांचे पाय उलगडून सांगितले. कोण कुठवर बुडलं की कोणता पंप. सांगता सांगता त्यांनी स्वतःचा पाय वर करून दाखवला. मॅडम ऐकत होत्या आणि पान उलटत होत्या. पानाच्या तळाशी त्यांचं बोट थांबलं.

"'तपासले, बरोबर.' ही सही कुणाची?"

धाकटे साहेब म्हणाले, "माझी."

"ही पुढची?"

"तीही."

"तेव्हा बरोबर होतं आणि आज खोटं आहे?"

"मॅडम, महिन्याअखेर सह्या फार असतात."

मॅडमनी रुमाल लावला, आणि या खेपेला तो बराच वेळ खाली घेतला नाही. मग म्हणाल्या, "चला, पंपघर बघू."

सगळं सभागृह दलदलीवर आलं. मॅडम खिडकीशी उभ्या राहिल्या. चौथऱ्यावर पाच शेकाटे होते, लाल पाय, पाणी पायांच्या मध्याला.

"सांगा, किती पाणी आहे?"

मामांनी डोळे बारीक केले. "गुडघ्याखाली दोन बोटं कोरडी आहेत. म्हणजे चौथऱ्यावर चार बोटं पाणी. पंप लावायला अजून दीड-दोन तास आहेत, वरून कुणी टाकी सोडली नाही तर."

"मोजा," मॅडम धाकट्या साहेबांना म्हणाल्या.

साहेबांनी बूट काढले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांचे मोजे लोकांना दिसले. डाव्यातून अंगठा बाहेर आला होता. पँट गुंडाळून ते पाण्यात उतरले, पहिल्या पावलाला घोट्यापर्यंत, दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत, आणि तिसऱ्याला काठावरच्या लोकांनी बघायचं सोडून सल्ले द्यायला सुरुवात केली. "डावीकडून, साहेब." "डावीकडं जास्त आहे, उजवीकडून." शेकाटे ओरडत उठले आणि त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत राहिले. साहेब चौथऱ्याला पोचले तेव्हा कंबरेपर्यंत एका रंगाचे आणि वर दुसऱ्या रंगाचे दिसत होते. त्यांनी पट्टी धरली. "आठ सेंटिमीटर."

मॅडमनी टेबलावरच्या पट्टीवर आपली चार बोटं आडवी ठेवली. "साडेसात. माझी बोटं बारीक आहेत." आणि मामांना विचारलं, "तो घरजावई कुठं आहे?"

मामांनी दाखवला. तो पानावर बसलेला होता, आणि एवढ्या गोंधळात एकटा तोच जागचा हलला नव्हता. मॅडमनी बाईंची दुर्बीण घेतली आणि पाहत राहिल्या. त्या शिंकल्या तेव्हा घरजावयानं मान वळवून पाहिलं.

निकाल पंधरा दिवसांनी आला. भराव रद्द. पक्षी बारमाही आहेत, इथं वीण करतात आणि दलदल वस्तीचं पाणी धरते, असं त्यात लिहिलेलं. सिमेंटच्या पक्ष्यांचा करार आधीच झाला होता, ते सहाही कचेरीच्या आवारात आले आणि कर्मचारी त्यांच्यावर छत्र्या वाळत घालू लागले. धाकट्या साहेबांना सह्यांबद्दल खुलासा विचारला गेला. मामांनाही सोडलं नव्हतं. काटा बिघडल्याचा पाठपुरावा केला नाही म्हणून लेखी ताकीद. ती त्यांनी घरी आणून मामींना वाचून दाखवली.

"नोकरी आहे ना?" मामींनी विचारलं.

"आहे."

"मग ठेवा तिकडं. माझ्या भावाला बदक लिहिलं त्याची ताकीद त्यात कुणी दिली नाही, ती मी देणार आहे."

पण निकालाला एक शेपूट होतं. वहीतल्या सगळ्या पक्ष्यांची शास्त्रीय यादी आठ दिवसांत सादर करायची, त्याशिवाय निकाल अंमलात येणार नाही. हेडक्लार्क आणि आत्याबाई निकालपत्राला जोडता येत नव्हते. मग बाई आणि मामा चार दुपारी पंपघरात बसले. बाई विचारायच्या, मामा सांगायचे, आणि दोघांचं जमलं की बाई खरं नाव लिहायच्या. हेडक्लार्क, राखी बगळा. आत्याबाई, जांभळी पाणकोंबडी. घरजावई, कमळपक्षी. मेहुण्यांत चार जाती निघाल्या, तेव्हा मामांना जरा ओशाळल्यासारखं झालं; सगळ्यांना एकाच मापानं मोजलं म्हणून.

चौथ्या दुपारी यादी सेहेचाळीसवर आली. आता एकच नाव उरलं होतं आणि ते बाईंना काही केल्या उलगडत नव्हतं.

"मामा, हा कुठला? 'रंगीत डोकी, सात ते दहा. थव्यानं काठाला उतरतात, पाण्यात येत नाहीत.' दुसऱ्या ठिकाणी, 'आवाज फार, त्यामुळं बाकीचे उठतात.' रंगीत डोक्याचे तर बरेच आहेत. किती वाजता यायचा?"

"सात ते नऊ."

"रोज?"

"नाही. रविवारचा."

बाईंनी पेन्सिल वहीवर ठेवली. मामा खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं त्या क्षणी काही नव्हतं.

"यातला एक मोठा आहे असं लिहिलंय," बाई वाचत म्हणाल्या. "'सगळ्यांच्या पुढं असतो. बाकीच्यांना गप्प करायला स्वतः जास्त ओरडतो.'"

"जुनं आहे ते, बाई. ओळख नव्हती तेव्हाचं."

"आणि हे, 'ऊन वाढलं की दिसेनासे होतात'?"

मामांनी चोरून बाईंच्या टोपीकडं पाहिलं. बाईंनी टोपी काढली, टेबलावर ठेवली आणि थोडा वेळ तिच्याकडं पाहत बसल्या. मग यादीचा कागद पुढं ओढून सत्तेचाळिसावा आकडा घातला, नावाची जागा रिकामी ठेवली आणि शेजारच्या रकान्यात नीट अक्षरात लिहिलं, 'स्थलांतरित'.

"मॅडम विचारतील," मामा म्हणाले.

"विचारू देत," बाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात पहाटे किती वाजता पंपघर उघडता तुम्ही?"